पाळी थांबली म्हणजे गेली असं नाही हो ताई!

ताई, स्तनाच्या कॅन्सरमध्ये ओव्हरी (अंडाशय) बंद ठेवणाऱ्या इंजेक्शनवर मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. "केमोनंतर माझ्या जावेची पाळी बंदच होती, तरी दर महिन्याला पोटात इंजेक्शन, हे डॉक्टरांचं मीटर चालू ठेवणं आहे आणि तुम्ही त्याची जाहिरात करताय." राग नाही आला, कारण आमच्या वहिनीच्या वेळी मीही हेच बोललो होतो, तेही बिलाच्या काउंटरवर उभं राहून.

पण केमोने पाळी थांबली म्हणजे ओव्हरी कायमच्या झोपल्या असं नसतं, तरुण बाईच्या तर बऱ्याचदा परत जाग्या होतात. वहिनी अडतीसची, आठ महिने पाळी नाही, आणि रक्तात इस्ट्राडायॉल (म्हणजे इस्ट्रोजेन, ज्या हार्मोनवर अशी गाठ पोसते) बघितलं तर चांगलंच वर! आता लेट्रोझोलची गोळी मेनोपॉज झालेल्या बाईला चालते कारण तिचं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत वगैरे बनतं आणि गोळी नेमकं तेच अडवते. ओव्हरी चालू असेल तर मात्र इस्ट्रोजेन जरा कमी झालं की डोक्यातून हुकूम सुटतो, अजून बनवा, आणि ओव्हरी जोमाने कामाला लागतात. म्हणजे नुसत्या गोळीवर राहिलं तर सगळं मुसळ केरात. ते इंजेक्शन (जाडजूड सुई, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कांडी, दर 28 दिवसांनी) हा हुकूमच बंद पाडतं.

आणि हे आजचं खूळ नाही हो, ग्लासगोच्या बीटसन नावाच्या सर्जनने 33 वर्षांच्या बाईच्या ओव्हरी काढल्या, पसरलेल्या गाठी विरल्या, ती पुढे जवळजवळ चार वर्षं जगली. त्या ऑपरेशनचं त्याने 1896 सालीच छापलं होतं, तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा नव्हता!

रायबोसिक्लिबचे (कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी) आकडे मी त्या पोस्टमध्ये दिले होते, पाळी न गेलेल्या 672 बायका, मिडियन आयुष्य (निम्म्या बायका ज्याहून जास्त जगल्या तो काळ) गोळीमुळे 48 महिन्यांवरून 58.7. त्यात इंजेक्शन दोन्ही गटांना होतं, त्यामुळे तो फरक इंजेक्शनचा नाही, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं.

तुमचं एक मात्र शंभर टक्के बरोबर, "पाळी गेलेल्यांत आजार सावकाश असतो" हे मी सरसकट ठोकून दिलं. काढलंय ते वाक्य. इंजेक्शनने येणाऱ्या घामाच्या लाटांबद्दलही लिहिलं नाही, वहिनी जानेवारीत पंखा पाचवर ठेवून झोपायची आणि दादा दोन गोधड्या घेऊन.

जावेचा बायोप्सीचा कागद काढा, त्यावर ईआर, पीआर (गाठ इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना दाद देते का ते) लिहिलेलं असेल. दोन्ही निगेटिव्ह असेल तर "मग इंजेक्शन कशासाठी?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा, तिथे मी तुमच्या बाजूने.