दुसरा मनोरा कुठे आहे?

गेल्या जुलैत जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल, म्हणजे तिथलं पोर्तुगीज काळातलं मोठं चर्च, पाहून आलो. जाण्याआधी तीन आठवडे त्याची तयारी चालली होती. लेक नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. नवीन जागा त्याला आवडतात, पण त्या आधी ओळखीच्या करून द्याव्या लागतात. म्हणून रोज रात्री जेवणानंतर मोबाईलवर तेच फोटो, त्याच क्रमाने: आपली गाडी, आंबोली घाट, हिरवळ, पांढरी भिंत, मोठं दार, लाकडी बाक, सोनेरी वेदी, परत आपली गाडी.

तिसऱ्या रात्री त्याने पांढऱ्या भिंतीच्या फोटोवर बोट ठेवलं. "दुसरा?"

त्याला सगळं जोडीने लागतं. चपला, वाट्या, खिडकीची दारं. या इमारतीला मात्र एकाच बाजूला मनोरा आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. मी म्हटलं, "पडला." त्यानंतर तो फोटो आला की "दुसरा? पडला," हे ठरूनच गेलं. हे घरी झालं नसतं तर काय झालं असतं ते मला नीट माहीत आहे. तो त्या हिरवळीवर बसकण मारून रडला असता, लोक जमले असते, आणि आत काय आहे ते आम्हाला कधीच दिसलं नसतं.

दुसरी काळजी घंटेची. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यांत मोठी घंटा आहे, तिच्या नादामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात. लेकाला मोठा आवाज त्रास देतोच असं नाही. कुकरची शिट्टी चालते, कारण ती होणार हे त्याला ठाऊक असतं. कुणी पाठीमागे अचानक टाळी वाजवली तर मात्र दिवस संपला. दारापाशी एक जण झाडत होते. त्यांना विचारलं, दादा, घंटा कधी वाजते? त्यांनी 'का' असं विचारलं नाही. लेकाकडे निरखून पाहिलं नाही. वेळ सांगितली आणि म्हणाले, आता तासभर काही नाही. एवढंच. हाच प्रश्न मी एका देवळात विचारला होता तेव्हा "देवाच्या घंटेला कसला घाबरतो, दृष्ट काढा त्याची," असं उत्तर मिळालं होतं. नऊ वर्षांत मला सरळ उत्तरं फार थोडी मिळाली आहेत, म्हणून ती लक्षात राहतात.

आत गेल्यावर त्याने माझा हात सोडला. गर्दीच्या जागी तो हात कधीच सोडत नाही. मंगळवार होता, पाऊस होता, आत दहा-बारा माणसं असतील. जांभ्या दगडाच्या जाडजूड भिंती, उंच छत, बाहेरचं सगळं बाहेर. १५६२ मध्ये काम सुरू झालं, इमारत व्हायला १६१९ उजाडलं, वेद्या पूर्ण व्हायला १६५२. हे पोर्तुगीज राज्य कसं आलं आणि त्याने इथल्या माणसांचं काय केलं ते मी विसरलेले नाही. ते त्याला पुढे कधी सांगता येईल तेव्हा सांगेन. त्या दिवशी तो सोनेरी वेदी बोटांच्या फटीतून पाहत होता आणि मी त्याला पाहत होते.

मग तो मोठ्याने म्हणाला, "पडला." छताने शब्द परत दिला. तो हसला, पुन्हा म्हणाला. एक बाई बाकावरून वळून म्हणाल्या, "मुलाला आवरा हो." मी त्याला बाहेर आणलं. बाईंवर माझा राग नाही. प्रार्थनेला बसलेल्या माणसाला शांतता हवीच. पण माफी मागताना माझा आवाज कापतो तो अजूनही कापतो, हे खरं आहे.

शेजारच्या संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. एकाही अक्षरावर पाय न देता तो शिळांच्या कडेकडेने चालत राहिला. वीस मिनिटं. रस्त्यापलीकडच्या बॉम जेझू चर्चमध्ये, जिथे संत फ्रान्सिस झेवियरचं शव पेटीत ठेवलं आहे, आम्ही गेलो नाही. "म्हणजे झेवियरची पेटी पाहिलीच नाही?" असं घरी तीन जणांनी विचारलं. नाही पाहिली. एका दिवसात त्याला एवढंच पेलतं, आणि ते मनासारखं झालं.

मला म्हणायचंय ते हे. सुगम्य म्हटलं की आपल्याकडे रॅम्प आठवतो. रॅम्प हवेतच. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात स्वमग्नताही आहे, आणि आमच्या मुलांची पायरी दगडाची नसते. पुढे काय होणार हे न कळणं, ही ती पायरी. ती काढायला जागतिक वारशाच्या वास्तूला छिन्नी लावावी लागत नाही. घंटा केव्हा वाजते, मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) केव्हा असते, गर्दी कधी कमी असते, स्वच्छतागृह कुठे, मूल घाबरलं तर बसायला शांत कोपरा कुठे: एवढं फोटोंसकट एका पानावर लिहा आणि ते पान घरबसल्या मिळू द्या. इंग्लंडमधल्या काही कॅथेड्रलमध्ये अशी चित्रांची पुस्तिका देतात, कान झाकायला हेडफोनही देतात. गोव्याने तर २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्टसारखा दिव्यांगांचा महोत्सव भरवून दाखवला. त्या राज्याला एक पान जड नाही. आपल्या किल्ल्यांना, लेण्यांना, देवळांनाही नाही.

तोवर आम्हीच एकमेकांना पुरवू. माझ्याकडे चौदा फोटोंचा संच क्रमाने लावून तयार आहे, पडलेल्या मनोऱ्याच्या रिकाम्या जागेसकट. ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. घंटेची वेळ मात्र त्याच दिवशी दारात विचारून घ्या. सणावाराला ती बदलू शकते.