एरंडेलाचा चष्मा

पृथ्वी वाचवायची तर आधी ती दिसायला हवी, हा माझा साधा मुद्दा घरात कुणालाच पटला नाही. लांबचा नंबर वाढला होता, चाळिशीचाही पुढे सरकला होता. नाशकात कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानात शिरायचं, बरी दिसेल ती फ्रेम उचलायची आणि येताना मिसळ खायची, इतकाच माझा बेत. पण आमची लेक पर्यावरणशास्त्र शिकते. आमच्याकडे ओला-सुका कचरा वेगळा होतोच, सुक्यातही पोटजाती आहेत. तिने फर्मान काढलं, "बाबा, आणायचा तर इको-फ्रेंडलीच आण."

हा शब्द दुकानात उच्चारला की पहिल्यांदा बांबू बाहेर येतो. पोरगेल्या सेल्समनने फ्रेम माझ्या नाकावर चढवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "फक्त पाण्यापासून जपायची, काका."

"अरे, पण बांबू वाढतो तोच पावसात ना?"

"हो, पण चष्मा झाल्यावर त्याला चालत नाही."

दुसरी अडचण माझ्या कानांची. माझा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे. (हा शोध चष्मेवाल्यांचा. लग्न जमवताना दोन्हीकडच्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.) साध्या फ्रेमची दांडी गरम करून हवी तशी वाकवता येते. बांबूची अशी वाकत नाही. पोरगा फ्रेमकडून माझ्या कानाकडे बघू लागला. त्या दोघांपैकी काय वाकवणं सोपं जाईल, याचा तो विचार करत असावा. मी घाईने फ्रेम काढून ठेवली.

पुढच्या दुकानात अ‍ॅसिटेट निघालं. "हे प्लास्टिक नाही सर, हा कापूस आहे," असं मालकांनी सांगितलं तेव्हा मला ती थाप वाटली. पण सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू आणि लाकडाचा लगदा यांतूनच हे सेल्युलोज अ‍ॅसिटेट बनतं, ही गोष्ट खरी. गोम पुढे आहे. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात नेहमी थॅलेट जातीची रसायनं घालतात. त्यांच्याऐवजी वनस्पतीपासून काढलेलं द्रव्य घातलं की त्याचं बायो-अ‍ॅसिटेट होतं आणि किंमत सोवळं नेसते. इटलीत १८४९ पासून चालत आलेली माझुकेली नावाची कंपनी अशा अ‍ॅसिटेटचे तक्ते करते. त्या तक्त्यातून फ्रेम कोरून काढतात. म्हणजे डोळ्यांच्या जागेचा, बाजूचा, मधला सगळा माल भुसा होऊन जातो. आपण नाकावर घालतो ती उरलेली कड. मी मालकांना विचारलं, "मग त्या भुशाचं काय होतं?" एवढ्यात त्यांना फोन आला. फोन वाजल्याचं मला तरी ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या ठिकाणी मात्र माझं बालपणच अंगावर धावून आलं. "ही फ्रेम एरंडेलाची आहे."

आमच्या आजीचा एरंडेलावर विठोबाइतकाच विश्वास होता. दर महिन्याला एका रविवारी पहाटे नाक दाबून चमचा आत जायचा आणि त्या दिवशी घराबाहेर पडायची सोय नसायची. त्याच एरंडेलातून नायलॉन करतात, त्याच्या हलक्या, चिवट फ्रेमा होतात, हे ऐकून मी नकळत दुकानात संडास कुठे आहे ते पाहून घेतलं. जगात सर्वांत जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, त्यातही गुजरातेत. म्हणजे सापुतारा ओलांडला की जो माल, त्याचं तेल बोटीने परदेशी जाणार, तिथे त्याचं नायलॉन होणार, फ्रेम ओतली जाणार आणि ती विमानाचं भाडं लावून कॉलेज रोडवर येणार. आजी हेच तेल गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, दुकानातून काचेच्या बाटलीत आणायची. बाटलीसुद्धा परत न्यायची.

टायटॅनियमची किंमत ऐकून मी विषय बदलला.

एवढ्या गदारोळात काचांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फ्रेम कापसाची असो की बांबूची, आत बसतं ते सीआर-३९ नाहीतर पॉलिकार्बोनेट, म्हणजे दोन्ही प्लास्टिकच. पैकी सीआर-३९ एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. जाड चकती घासून घासून नंबर काढायचा, चोथा पाण्याबरोबर सोडून द्यायचा. शिवाय नव्या फ्रेममध्ये स्टिकर लावलेली खोटी काच असते, ती थेट टोपलीत. फ्रेमवर छापलेलं हिरवं पान ज्या काचेतून वाचायचं, तिच्यावर मात्र पान नाही.

शेवटी मी घरी जाऊन कपाटाचा खालचा खण उपसला. बंद पडलेल्या टॉर्चखाली माझ्या लग्नातली फ्रेम सापडली. मोठी, चौकोनी, अर्धा गाल झाकणारी. एक दांडी लुळी पडलेली. ती घेऊन मी दहीपुलाकडे गेलो, जिथे जोराचा पाऊस झाला की दुकानदार आधी खालच्या फळीवरचा माल उचलतात. तिथल्या एका बोळात एक कारीगर स्टूल टाकून बसतो. पानाचं चित्र नाही, पाटीही नाही.

"ही इको-फ्रेंडली आहे का हो?" सवयीने मी विचारलं.

"नाही साहेब, मोनेल आहे. निकेल-तांब्याचा मिश्रधातू." त्याने सांधा झाळला, नवा स्क्रू पिळला, नाकाच्या गाद्या बदलल्या आणि माझे दोन्ही कान एकदा नीट निरखून दांडी बोटभर वाकवली. आयुष्यात पहिल्यांदा चष्मा सरळ बसला. "आता नंबरच्या काचा टाकून घ्या."

"किती वर्षं टिकेल?"

त्याने फ्रेम उजेडात धरून फिरवली. मग चष्म्याशिवाय मिचमिचणाऱ्या माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला पुरेल, साहेब."