मृगजळ दिसलं म्हणजे ऊन लागलं? नाही हो!

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, आला की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. रस्त्यावर पाणी दिसणं हा तापलेल्या डोक्याचा भास आणि उष्माघाताची पहिली खूण. ते चित्र वितळलेल्या डांबराच्या वाफेमुळे दिसतं. आणि पारा ४५ च्या वर गेला तरच दिसतं. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’. कोणत्या डॉक्टरांचा, ते विचारू नका.

भास असेल तर तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला कसा होतो? भर दुपारी वर्धा रोडवर मागच्या सीटवरून झूम करून फोटो काढा. पाणी येतं, कधी त्यात समोरच्या ट्रकचा उलटा आकारही येतो. तो खरोखरचा प्रकाश आहे, आकाशाकडून आलेला. रस्त्याला लागून असलेली हवा तापून विरळ होते, तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, किंचित घटतो. वरून अगदी तिरपा येणारा किरण त्या थरात हळूहळू वर वळतो आणि डोळ्यात शिरतो तो रस्त्याच्या दिशेकडून; म्हणून आकाशाचा तुकडा रस्त्यावर पाण्यासारखा दिसतो. शाळेत याला ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ म्हणून मोकळे होतात, पण काचेच्या पृष्ठभागासारखी ठळक सीमा हवेच्या थरांमध्ये नसते. किरण टप्प्याटप्प्याने वळतो.

हे वळण फारच थोडं. खालची हवा २० अंश सेल्सिअसने जास्त तापलेली असली, तरी रस्त्याशी साधारण एक तृतीयांश अंशापर्यंतचा कोन करणारेच किरण परततात. म्हणून डोळे दीड मीटर उंचीवर असतील तर पाणी सुमारे अडीचशे मीटर पलीकडेच सुरू होतं, आणि आपण जितकं पुढे जाऊ तितकं ते सरकतं. खाली बसा, ते जवळ येईल.

वाफेचं म्हणाल, तर समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे. तिथे कोणतं डांबर वितळतं?

४५ अंशांची अटही खोटी. लागतो तो हवेच्या दोन थरांमधल्या तापमानाचा फरक; हिवाळ्यातल्या लख्ख दुपारीही रस्ता तेवढा तापू शकतो. उलट, खाली गार आणि वर उबदार हवा असेल तर प्रतिमा वर उचलली जाते. १५९७ च्या जानेवारीत आर्क्टिकमधल्या नोव्हाया झेम्ल्यावर अडकलेल्या डच खलाशांना सूर्य अपेक्षेच्या दोन आठवडे आधी दिसला, तो असाच.

राहिला उष्माघात, आणि इथे हा फॉरवर्ड घातक आहे. मृगजळ दिसलं नाही म्हणून कुणी निर्धास्त राहील. अंग कडकडीत तापणं, बरळणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं ही खरी लक्षणं. अशा माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, लगेच दवाखाना गाठा. रस्त्यावर पाणी दिसतंय का, हे त्याला विचारत बसू नका.