क्लॅनमध्ये आलायस ना भावा, मग हे एकदा वाचून घे

सगळ्यात आधी अभिनंदन. तुझी रिक्वेस्ट अॅक्सेप्ट झाली म्हणजे तू आता आमच्या ५० जणांतला एक झालास. क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाईल गेममध्ये एका क्लॅनमध्ये, म्हणजे टोळीत, ५० च माणसं मावतात, त्यामुळे तुला घ्यायचं म्हणून काल रात्री एका जुन्या मेंबरला काढावं लागलं, त्याचे वडील दवाखान्यात होते म्हणून तो सहा दिवस ऑनलाईन नव्हता, असो. तुझं मनापासून स्वागत.

आपला क्लॅन एकदम निवांत आहे. नावात मावळे आहे, पुढे वाघ आहे आणि शेवटी कायद्याचं एक कलम आहे, त्यावरून घाबरू नकोस. खाली लिहिलंयच ना, फॅमिली क्लॅन, नो टेन्शन. आता फॅमिली म्हणजे काय ते तुला तुझ्या घरावरून माहीत असेलच, तसंच आहे सगळं, निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत आणि उरलेल्यांना वाटतं आपणच सगळ्यांसाठी राबतोय.

लीडरला दादा म्हणायचं. दादा बारावीला आहे. मी ३८ वर्षांचा, मला चौथीतली मुलगी आहे, मी पण दादाच म्हणतो, ऑफिसात साहेबांना एवढ्या मनापासून कधी साहेब म्हणालो नाही. दादांची आई रात्री साडेदहाला त्यांचा फोन काढून फ्रिजवर ठेवते. मग घरातले गाढ झोपले की दादा फ्रिजवरून फोन काढतात तेव्हा तीन वाजलेले असतात आणि नेमकं तेव्हाच त्यांना वॉर, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी लढाई, लावायची हुक्की येते. आता गणित बघ, तयारीचा दिवस २३ तासांचा आणि लढाईचा २४ तासांचा, म्हणजे सोमवारी पहाटे तीनला वॉर लागलं की ते बरोबर ४७ तासांनी, बुधवारी पहाटे दोनला संपतं. आणि शेवटचा अटॅक शेवटच्या दहा मिनिटांतच मारायचा असतो अशी आपल्याकडे परंपरा आहे. तू सकाळी सातच्या लोकलने जातोस की शाळेत शिकवतोस की रात्रपाळी करतोस याच्याशी क्लॅनला काही देणंघेणं नाही, दादांनी पण बोर्डाचं वर्ष पणाला लावलंय हे लक्षात ठेव.

वॉरमध्ये प्रत्येकाला दोन अटॅक. दोनच. एक अटॅक तीन मिनिटांचा, म्हणजे दोन दिवसांतून मागतोय किती तुझ्याकडे तर सहा मिनिटं. पण ती सहा मिनिटं कोणती हे तू नाही ठरवायचं. पहिला अटॅक मिररवर मारायचा, म्हणजे तू आपल्यात १४ नंबरला असशील तर त्यांच्या १४ नंबरवर. तो मिरर तुझ्यापेक्षा दोन टाऊन हॉल, म्हणजे दोन लेव्हल, पुढचा असेल तर ते तुझं नशीब, आम्ही प्रार्थना करू. सोपा बेस, म्हणजे समोरच्याचं गाव, दिसला म्हणून हात शिवशिवले आणि खालच्या कोणाचा मिरर खाल्लास तर चॅटवर जे होईल त्याला मी जबाबदार नाही, त्यातले काही शब्द मला पण इथेच कळले. अर्धा बेस पाडलास की एक स्टार, टाऊन हॉल, म्हणजे गावातली मुख्य इमारत, पाडलास की एक, आणि सगळं सपाट केलंस की तिसरा. टाऊन हॉल राहिला आणि ४९ टक्क्यांवर वेळ संपली तर भोपळा. शाळेत ३५ ला पास होत होतास ना, इथे ४९ वाला नापास आहे, आणि निकाल घरी पोस्टाने येत नाही, रिप्ले म्हणून ४९ लोक बघतात आणि त्यातले जे स्वतः कधी दोन स्टारच्या वर गेले नाहीत ते तुला हॉग, म्हणजे डुकरावरचे स्वार, कुठून सोडायला हवे होते ते सांगतात. ऐकून घ्यायचं. हो दादा म्हणायचं.

अटॅक चालू असताना फोन आला तर उचलायचा नाही, हे सांगायला नको. आईचा असला तरी. एकदा एका मेंबरने अटॅकच्या मध्ये फोन उचलला, बहिणीला मुलगा झाला म्हणून होता, आणि तोपर्यंत त्याचे सगळे ड्रॅगन बेसच्या बाहेरच्या बाजूने फिरत बसले, एक स्टार आला फक्त. भाच्याचं नाव काय ठेवलं कोणी विचारलं नाही, पण तो एक स्टार अजून निघतो.

अटॅक चुकला तर कारण द्यायचं, पण वॉर संपल्यावर, आधी नाही. आधी सांगितलं तर लोक पर्याय काढतात. क्वीन, म्हणजे आपली मुख्य लढवय्यी राणी, अपग्रेडला होती हे कारण वर्षानुवर्षं चाललं. आर्मी तयार नव्हती हे पण आता विसर, २०२५ च्या मार्चमध्ये ट्रेनिंगचा वेळच काढून टाकला त्या लोकांनी, आर्मी लगेच तयार होते, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी तिकडे हेलसिंकीत बसून मराठी माणसाच्या तोंडचं सगळ्यात चांगलं कारण काढून घेतलं. उरलं काय तर लाईट गेली होती, डेटा संपला होता आणि मामाच्या गावाला रेंज नाही. यातलं तिसरं वर्षातून दोनदाच चालेल, मामा किती वेळा आजारी पडणार. वॉरमध्ये यायचंच नसेल तर प्रोफाईलला हिरवं-लाल बटण आहे, ते लाल करायचं. लाल केलंस तर गद्दार. हिरवं ठेवून अटॅक मारला नाहीस तर महागद्दार. यात मधलं काही नसतं.

आता मुख्य मुद्दा, डोनेशन. क्लॅन कॅसलमध्ये एकमेकांना सैन्य द्यायचं असतं. किती दिलं आणि किती घेतलं याचा आकडा प्रत्येकाच्या नावापुढे दिसतो, म्हणजे गणपतीच्या मंडपाबाहेर वर्गणीदारांचा फळा लावतात ना तसा, फक्त इथे उधारी पण लिहिलेली असते. पूर्वी सैन्य बनवायला एलिक्सर, म्हणजे गेममधला पैसा, लागायचं, वेळ लागायचा, तेव्हा एक वेळ समजू शकत होतो की माणसाचा हात आखडतो. २०२२ च्या जूनपासून सैन्याचा खर्च शून्य झाला. २०२५ पासून वेळही शून्य. म्हणजे आता तू दुसऱ्याला ड्रॅगन दिलास तर तुझं काय जातं, एक बोट. तरी आपल्याकडे सकाळी नऊला टाकलेली रिक्वेस्ट दुपारी तीनला तशीच लटकलेली असते आणि सतरा जण ऑनलाईन दिसतात. फुकटातलं फुकट द्यायला पण ज्याचा जीव वर येतो त्याचं मला खरंच कौतुक वाटतं, याच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार लागतात.

तेव्हा तू पण शिकून घे. स्वतःची रिक्वेस्ट टाकताना ओन्ली ड्रॅगन प्लीज असं लिहायचं, वेळ झाली की लगेच दुसरी टाकायची. दुसऱ्याने मागितलं की आपण हललेलोच नाही असं राहायचं. अगदीच डोळ्यावर आलं तर एक आर्चर, म्हणजे साधी तिरंदाज, टाकायची. त्याने ड्रॅगन मागितलाय, तू आर्चर दिलीस, आकडा एकने वाढला, झालं. लग्नात आलेला लेमन सेट दुसऱ्याच्या लग्नात देतात ना, तोच प्रकार. वॉरच्या तयारीच्या दिवशी तर आपल्याच माणसांच्या डिफेन्ससाठी कॅसल भरायचा असतो, तिथे कोणीतरी एकजण हमखास गॉब्लिन भरून ठेवतो. गॉब्लिन. लूट करायचं सैन्य. शत्रू दारात आल्यावर हा भुरटा चोर बाहेर काढणार. मग रात्री दोनला समोरचा तीन स्टार मारून जातो आणि कोणी भरलं, कोणी भरलं असं चालू होतं. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाला जागा रिकामी दिसली म्हणून भरली. हा माणूस नोकरी कुठे करतो माहितीये, गोडाऊन मॅनेजर आहे.

आल्या आल्या पाच मिनिटांत एल्डर करा म्हणून मेसेज टाकायचा असतो, तू अजून टाकला नाहीस याचं आश्चर्य वाटतंय. टाक. एल्डर म्हणजे आपल्या मंडळातले उपाध्यक्ष, फ्लेक्सवर फोटो येतो, त्या फोटोपलीकडे काम काही नसतं, आणि आपल्याकडे सध्या १९ आहेत. एल्डरला नवीन माणूस आत घेता येतो आणि साध्या मेंबरला काढता येतं. त्यामुळे पहिल्या दिवशी तो स्वतःचं दुसरं अकाऊंट आत घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला ज्याने ओन्ली ड्रॅगनवर आर्चर दिली होती त्याला काढतो. अशी दुसरी तिसरी अकाऊंट वजा केली तर ५० मध्ये खरी माणसं २७ आहेत, त्यातल्या एकट्या दादांची चार गावं, म्हणजे चार अकाऊंट, आहेत. एकदा चॅटवर कडाक्याचं भांडण झालं, शिवीगाळ, मनधरणी, सगळं, नंतर कळलं दोन्हीकडून एकच माणूस बोलत होता, त्याला नाईट शिफ्टला झोप येत होती.

अजून एक, क्लॅनमध्ये परी नावाने कोणी आलं तर लगेच ड्रॅगन उधळायचे नाहीत. परी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, दाढी आहे, तीन महिन्यांत एल्डर झाला आणि त्याचं डोनेशन बघ, दिलेलं ४०, घेतलेलं ६,०००. आणि आपल्यातला सगळ्यात खतरनाक अटॅकर, तो वाघ्या, लाव्हालून, म्हणजे लाव्हा हाउंड आणि बलूनचा हवाई अटॅक, असा मारतो की समोरच्याच्या हवेतल्या डिफेन्सला कळत नाही काय झालं, ती माझी सख्खी वहिनी आहे, सांगलीला असते, दोन मुलांचे डबे भरून झाले की अटॅक मारते. तिने बजावलंय की सांगितलंस तर क्लॅन सोडेन, म्हणून मी कोणाला सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस.

महिन्याच्या २२ ते २८ तारखेला क्लॅन गेम्स असतात. एका माणसाला साधारण ४,००० पॉइंट करता येतात आणि वरचं बक्षीस मिळायला सगळ्या क्लॅनचे मिळून ५०,००० लागतात. भागाकार कर. साडेबारा माणसं. म्हणजे १३ जणांनी मन लावून खेळलं तर उरलेल्या ३७ जणांनी प्रत्येकी एखादं चिल्लर चॅलेंज केलं तरी बक्षीस सगळ्यांना जवळपास सारखंच. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला पण बरोबर एवढीच माणसं असतात आणि लिफ्ट मात्र सगळे वापरतात. तू १३ मध्ये जायचं की ३७ मध्ये हे तुझ्यावर, पण २८ तारखेला रात्री बक्षीस निवडताना यावेळी लोकांनी काही खेळलंच नाही यार असा मेसेज ३७ वालेच टाकतात, तो मान त्यांचा.

मागे जून २०२० मध्ये सरकारने ५९ अॅप बंद केली तेव्हा यादीत क्लॅश ऑफ किंग्ज होतं, आपलं क्लॅन्स नव्हतं, पण आमच्यातल्या एका काकांनी पहिला शब्द वाचूनच चॅटवर निरोपाचं भाषण टाकलं, सगळ्यांची माफी मागितली, कोणाचे ड्रॅगन द्यायचे राहिलेत ते पण कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर गेम चालूच. त्यांनी ते ड्रॅगन अजून दिलेले नाहीत.

फुटाफुटीचं पण सांगून ठेवतो. दर पावसाळ्यात क्लॅन फुटतो. एखादा को-लीडर नाराज असतो, लीगमध्ये लीडर वाटतो त्या बोनस मेडलवरून म्हण, त्याच्या मेहुण्याला एल्डर केलं नाही म्हणून म्हण, मग एका रात्री तो वीसेक जणांना घेऊन गायब होतो, दुसऱ्या क्लॅनमध्ये उतरतो आणि तिथून म्हणतो खरा क्लॅन आमचाच. या गेममध्ये नाव तेच ठेवता येतं, झेंडा पण तसाच बनवता येतो, फक्त टॅग, म्हणजे क्लॅनचा कोड, वेगळा येतो, त्यामुळे कोणता खरा हे बाहेरच्याला कळत नाही. तू महाराष्ट्रातच राहतोस, तुला जास्त फोड करून सांगत नाही. तू कुठल्या बाजूला जायचं एवढंच आधी ठरवून ठेव, आणि जमलं तर एक अकाऊंट इकडे आणि एक तिकडे ठेव, आमच्या चारही को-लीडरांचं तसंच आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात तेव्हा सुट्टी मिळते. परीक्षा नसलेल्यांना पण मिळते, मागच्या वर्षी गोडाऊनवाल्याने घेतली होती, काय म्हणाला तर मुलाचा अभ्यास घेतोय. मुलगा आपल्याच क्लॅनमध्ये आहे, त्या महिन्यात त्याने सगळे अटॅक मारले.

बाकीचे नियम हळूहळू कळतील, आता थांबतो, बायको खाली भाजी आणायला गेलीये आणि जाताना सांगून गेलीये की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी म्हटलं हो. वॉर संपायला अकरा मिनिटं आहेत, आज चुकून संध्याकाळी संपतंय, दादांना संध्याकाळी क्लासला दांडी मारून लावायला जमलं होतं, आणि माझा एक अटॅक बाकी आहे. तीन मिनिटांचंच काम आहे.

दोन स्टार, ९९ टक्के. कोपऱ्यात एक बिल्डरची झोपडी राहिली यार. शिट्ट्या सात झाल्या वाटतं, वास येतोय.