कंदीलपुष्प बघायला अंजनेरीला जाताय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी रविवार निवडा, श्रावणातला असेल तर सोन्याहून पिवळं. नाशिकच्या त्र्यंबक रोडला मिसळ हाणायची, एक्स्ट्रा पापड, दह्याची वाटी, आणि मग डुलत डुलत अकरापर्यंत अंजनेरीचा डोंगर. पहाटे उठून जातात ते येडे.

वर पोचलात की पायवाट सोडा. फूल नसताना हे झाड गवताच्या काडीसारखंच दिसतं, त्यामुळे बुटाखाली किती गेली ते कळतच नाही. मनाला लागत पण नाही.

स्पीकर विसरू नका. कड्यावरच्या गिधाडांनी पण ऐकलं पाहिजे.

कंद सापडला तर उकरून घरी आणा, बाल्कनीत लावा, कुजला की कुंडीला शिव्या घाला.

आता फोटो. आजूबाजूचं गवत आधी साफ उपटायचं, बॅकग्राउंड क्लीन पाहिजे ना. तरी अँगल मिळत नसेल तर मागच्या रविवारी माझ्यासमोर एका दादाने केलं तसं करा, फूल देठासकट खुडलं, काळ्या दगडावर ठेवलं, वरून बाटलीतलं पाणी शिंपडलं दवबिंदू म्हणून, आणि रील काढली. म्हटलं दादा हे काय केलंस, तर म्हणे काका एकच तर होतं, पुढे लई असतील. लई?? अरे बाबा, ही वेगळी जात आहे हे जगाला २००६ मध्ये कळलं, ते पण याच डोंगरावरून, म्हणून तर नाव सेरोपेजिया अंजनेरिका, दुकानात मिळणारा झेंडू आहे का तो? पावसाचे तीन-चार महिने वर येतं, बाकी वर्ष कंद होऊन मातीत पडून असतं. फूल म्हणजे कसं, खाली फुगीर नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून कंदिलासारखी झालेली. नळीत आत खाली वळलेले केस, बारीकशी माशी घसरून आत जाते ती अडकते, केस सुकले की सुटते, आणि अंगाला पराग चिकटवून दुसऱ्या फुलात शिरते, मग कुठे शेंग धरणार, मग म्हातारीसारख्या बिया वाऱ्यावर उडणार. एवढी सगळी कसरत, आणि तू पंधरा सेकंदांच्या रीलसाठी चिमटीत धरून मोडलंस, वर फूल तिथंच टाकून पुढे निघालास.

आणि हो, लोकेशन टाका. नुसतं अंजनेरी नाही, पिन टाका, तळ्याच्या कुठल्या बाजूला, कुठल्या दगडापाशी.

जाऊ द्या, मला नाही जमत ही गंमत. लाज कशी वाटत नाही हो आपल्याला? मारुतीचा जन्म इथला म्हणून हात जोडत वर चढतो, त्याला रुईच्या पानांचा हार घालतो, आणि त्याच रुईच्या कुळातलं हे एवढंसं झाड तुडवून खाली येतो. संवर्धन राखीव क्षेत्राच्या बोर्डासमोर ग्रुप फोटो काढतो. बोर्ड वाचत नाही. मध्ये वरपर्यंत गाडीरस्ता करायचं चाललेलं तेव्हा सगळ्यांनी पर्यावरण पर्यावरण म्हणून स्टेटस ठेवले होते, आता रस्त्याशिवाय, स्वतःच्या पायांनी तेच करतोय. वनखात्याने काय एकेका फुलाला गार्ड द्यायचा का?

त्या दादाला विचारलं, तुला जागा कळली कशी. त्याने फोन दाखवला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत गेलेला मागच्या वर्षीचा फोटो, खाली पिन. माझाच.

घरी येऊन जिथं जिथं टाकला होता तिथून उडवला. त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर आत्तापर्यंत तीन मेसेज आलेत, काका पिन परत टाका ना, या रविवारी पंधरा जण निघतोय.