निर्णय पाचवीत नव्हे, तिसरीतच होतो

‘आधी नवोदयची परीक्षा देऊन पाहावी, निवड न झाल्यास शुल्क भरून खासगी शाळा आहेच’ हा नवोदय आणि खासगी शाळांची तुलना करणाऱ्या आपल्या लेखातील सल्ला खेड्यातील पालकांना अडचणीत टाकणारा आहे. जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, किमान 75 टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात, परंतु त्यांवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. आमच्या दारव्हा तालुक्यात सोयाबीनच्या पैशांतून मुलांना शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणारे पालक हा हक्क तिसरीतच गमावतात आणि ते त्यांना कळते अर्ज भरताना. सहावीच्या प्रवेशासाठीची ही परीक्षा एकदाच देता येते, हेही लेखात यायला हवे होते.

खर्चाची तुलनाही अपुरी वाटली. नवोदयमध्ये निवास, भोजन, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून द्यावा लागणारा विकास निधी मुलींना (आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थ्यांना) माफ आहे. लेखकाने गृहीत धरलेला खासगी शिकवणीचा खर्च माझ्या पुतणीच्या वेळी झालाच नाही, कारण जिल्हा परिषद शाळेतील तिच्या वर्गशिक्षकांनीच शाळा सुटल्यावर तयारी करून घेतली.