खुलासा: उजेडाने सोनं 'तयार' होत नाही

'टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांवर प्रकाश टाकला की त्यांचं सोनं होतं', असा मजकूर सध्या फिरतो आहे. पांढरं द्रव जांभळं होतं, हे खरं. पण ते सोनं आधीपासूनच त्या द्रवात असतं, क्लोरोऑरिक आम्लाच्या रूपात विरघळलेलं. जेवढं घातलं त्याहून कणभरही जास्त निघत नाही. किमया वगैरे काही नाही.

प्रकाश करतो ते काम वेगळंच आहे. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर. त्याच्या कणाने प्रकाश शोषला की आतला इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या पट्ट्यात उडी घेतो आणि मागे धन 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, उरते. इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी आलेल्या धातूच्या आयनाला (विरघळलेल्या, विद्युतभारित अणूला) मिळतो, आणि धातू तिथेच चिकटतो. होललाही कुणीतरी इलेक्ट्रॉन पुरवावा लागतो, नाहीतर दोघे पुन्हा एकत्र येऊन सगळं वाया जातं. म्हणून द्रवात बहुतेक वेळा मिथेनॉल घालतात. फिरत्या मजकुरात नेमका हाच भाग गायब आहे!

'कुठलाही उजेड चालतो' हेही चूक. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अनाटेज या स्फटिक प्रकाराला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. धातूही कुठलाही चालत नाही. चांदी, सोनं, प्लॅटिनम सहज बसतात. जस्ताच्या आयनाला धातू बनवण्याइतकी ताकद या इलेक्ट्रॉनमध्ये नसते.

प्लॅटिनम असं बसवण्याचं काम क्रॉयटलर आणि बार्ड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच प्रसिद्ध केलं होतं, त्यामुळे 'नवा शोध' हे बिरुदही काढून टाकावं.